अर्धं यंत्र खाली, अर्धं वर

(लोधीपुरा, बुऱ्हाणपूर इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पदार्थविज्ञान शिकवायचे, म्हणून यंदाचा विषय विज्ञानाचा असावा, एवढीच आयोजकांची अट होती. मी विषय कळवला आणि पत्रिका छापणाऱ्यांचा फोन आला. 'मोबाईल टॉवरच्या दोन भागांमधली काचेची तार' हे शीर्षक पूर्ण आहे, की पुढचं काही राहून गेलंय? पूर्ण आहे, म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. आपल्याकडे विज्ञानाचं व्याख्यान म्हटलं की कृष्णविवर तरी हवं, नाहीतर मंगळावरचं पाणी. चाळीस मीटर लांबीच्या केबलवर तासभर काय बोलणार?

बोलण्यासारखं पुष्कळ आहे. या सभागृहाबाहेर पडून कुठल्याही दिशेला मान वर करा, घरांच्या छपरांमागे एखादा तरी टॉवर दिसेल. लोखंडी सांगाडा सोडून द्या. शेंड्याकडे उभे, लांबट, पांढरे पट्टे दिसतात ते अँटेना. बहुतेक टॉवरांवर तीन दिशांना तोंड करून ते लावलेले असतात आणि टॉवरवर काम करणारी पोरं त्या तीन दिशांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणतात. प्रत्येक अँटेनाच्या पाठीशी एक राखाडी पेटी असते, तिला उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखासारखे पत्रे असतात. ती रिमोट रेडिओ हेड. कामावरच्या भाषेत आरआरएच, काही जण आरआरयू म्हणतात. तिच्या बुडातून दोन केबली निघतात. जाड आहे ती विजेची. दुसरी काळी, करंगळीहून बारीक, ती फायबरची. ही सांगाड्याला धरून खाली येते आणि पायथ्याच्या कपाटात शिरते. तिथे बेसबँड युनिट असतं, म्हणजे बीबीयू.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. वरची पेटी आणि खालचं कपाट ही दोन यंत्रं नाहीत. ते एकच यंत्र आहे, मधोमध चिरलेलं. त्या काळ्या केबलीचं काम दोन ठिकाणं जोडण्याचं नाही, आपण चिरले गेलो आहोत हे त्या दोन अर्ध्यांना कळू न देण्याचं आहे.

बुऱ्हाणपुरात असल्या वाहिनीबद्दल बोलायचं म्हणजे कुंडी भंडारा आठवणारच. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुंड्यांच्या रांगेतून नुसत्या उतारावर शहरात आणलं गेलं. आजही ते वाहतं. चारशे वर्षं देखभालीला पुरून उरलेलं दुसरं बांधकाम कुठल्याही खात्याला दाखवता येणार नाही. पण ती उपमा इथे लागू पडत नाही. तिथे उगमापासून रहाटापर्यंत माल येतो. इंटरनेटचं फायबर टॉवरच्या पायथ्यापर्यंत येतं, त्याला हवं तर ती द्या. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत जातं ते वेगळं प्रकरण आहे.

आधी हे यंत्र चिरलं का, ते सांगतो. भारतात पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ ला लागला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. त्या पिढीच्या टॉवरांखाली एक खोली असायची, तिला शेल्टर म्हणत. आत वातानुकूलन, आत सगळं यंत्र. तिथे तयार झालेली रेडिओ लहर जाड तांब्याच्या केबलीतून वर अँटेनाकडे पाठवायची. ही केबल म्हणजे फीडर, पाऊण इंचाहून जाड, वाकवायला दोन माणसं लागत. आणि रेडिओ लहर तांब्यातून जाताना गळते. जितकी वारंवारता जास्त तितकी गळती जास्त. चाळीस मीटरच्या टॉवरवर थ्रीजीच्या २१०० मेगाहर्ट्झला फीडर, दोन्ही टोकांचे जंपर आणि जोड धरले की जवळजवळ निम्मी शक्ती वाटेत जायची. खालून वीस वॅट सोडले तर वर पोचायचे दहा. उरलेल्या दहांनी केबल तापायची. विजेचं बिल मात्र वीसचं. टॉवरकडे येणाऱ्या फोनच्या आवाजाचंही तेच. खिशातल्या फोनची लहर आधीच क्षीण, तीही तांब्यातून खाली येताना अर्धी व्हायची. एका टॉवरला निदान सहा फीडर, नवी वारंवारता आली की आणखी. वजन, वाऱ्याचा रेटा, पावसाळ्यात जोडात शिरलेलं पाणी हे सगळं निराळं.

मग साधी युक्ती निघाली. शक्ती वाढवणारा भाग अँटेनाजवळच नेऊन बसवायचा. गळायला लांबीच उरणार नाही. विचार करणारा भाग खाली राहू द्यायचा, कारण विचार करणारा भाग बदलावा लागतो, दुरुस्त करावा लागतो आणि दर वेळी माणूस चढवणं परवडत नाही. मधे जो दुवा लागेल त्यातून लहर न पाठवता आकडे पाठवायचे, आणि आकडे प्रकाशाने जातात. २००३ मध्ये एरिक्सन, वावे, एनईसी, नॉर्टेल आणि सीमेन्स या कंपन्यांनी एकत्र बसून या दुव्याची भाषा ठरवली. तिचं नाव सीपीआरआय. नॉर्टेल पुढे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, भाषा राहिली. आजही टॉवरवरचा मुलगा त्या काळ्या केबलीला 'सीपीआरआय केबल'च म्हणतो.

आता या केबलीतून काय जातं? मला विचाराल तर सगळ्या दूरसंचारातली ही सर्वांत उधळी गोष्ट आहे. सामान्य समज असा की तुमचा व्हिडिओ, तुमचा संदेश त्यातून जातो. तो खालपर्यंत येतो हे खरं. पण कपाटापासून पेटीपर्यंत तुमचा व्हिडिओ जात नाही, तर रेडिओ लहरीचं मोजमाप जातं. फोरजीची २० मेगाहर्ट्झची एक पट्टी घ्या. तिची लहर सेकंदाला ३ कोटी ७ लाख २० हजार वेळा मोजतात. दर मोजणीचे दोन आकडे, प्रत्येक १५ बिटांचा. गुणाकार करा, ९२ कोटी १६ लाख बिट होतात. त्यात नियंत्रणाचे संदेश आणि प्रकाशावर चढवण्यासाठीची भर घातली की एका अँटेनासाठी सेकंदाला १२२ कोटी ८८ लाख बिट. फोरजीला किमान दोन अँटेना, म्हणजे २४५ कोटींच्या वर. आणि या सगळ्यातून सगळ्या ग्राहकांना मिळून जास्तीत जास्त मिळतात किती? सेकंदाला १५ कोटी. सोळा पट ओझं वाहून एक पट माल.

त्यातही गंमत अशी की पहाटे तीनला, लोधीपुऱ्यात एकही माणूस फोनवर नसताना, ही केबल तेवढीच भरलेली असते. शांततेचीही लहर मोजावी लागते. वरच्या पेटीला शांतता आणि बोलणं यातला फरक कळत नाही, फोन म्हणजे काय तेही कळत नाही. आकडे आले की लहर करायची, लहर आली की आकडे करायचे. तिला जाणूनबुजून मठ्ठ ठेवलेलं आहे. उन्हात, पावसात, चाळीस मीटर उंचीवर टांगायचं यंत्र जितकं मठ्ठ तितकं बरं.

उधळपट्टी परवडते, कारण काच. तांब्यात चाळीस मीटरला निम्मी शक्ती जायची. आजच्या काचेत अख्ख्या किलोमीटरला १०० पैकी ९२ भाग प्रकाश शिल्लक राहतो. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचं हे गणित आहे, १५५० वर आणखी बरं. टॉवरच्या उंचीला तर केबलीतली घट मोजण्याच्या पलीकडे, तिच्यापेक्षा जोडांवर जास्त जातो.

ही काच कशी होते ते बुऱ्हाणपूरकरांना मला फार समजावून सांगावं लागू नये. या शहराची तारकशी तीनशे वर्षं गाजली. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावेर्निये इथे आला आणि इथलं सोन्यारुप्याच्या तारेचं कापड इराण, तुर्कस्तान, थेट पोलंडपर्यंत जातं असं लिहून गेला. त्या तारेचं मर्म काय होतं? चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून, तापवून, ठोकून एकजीव करायचा आणि मग पोलादी जंतराच्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढत न्यायची. कांब केसाएवढी झाली तरी सोनं बाहेर आणि चांदी आत, हे प्रमाण मोडत नाही. बोटभर जाडीत जे नातं होतं तेच केसाच्या जाडीत. ऑप्टिकल फायबर अगदी असंच. आधी काचेची जाड कांब करतात, तिचा गाभा थोड्या वेगळ्या काचेचा, भोवतालची काच वेगळी. मग सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसला मऊ करून खाली ओढतात. तार १२५ मायक्रॉन जाडीची होते, माणसाच्या केसाएवढी, आणि तिच्या मधोमध ९ मायक्रॉनचा गाभा कांबेतल्या प्रमाणातच उतरतो. इथे जंतर नसतं, ओढण्याचा वेग आणि उष्णता यांवरच जाडी सांभाळतात. एका मोठ्या कांबेतून हजारो किलोमीटर तार निघते. या गावातल्या जुन्या तारकशाला एवढं सांगितलं असतं तर उरलेलं त्याने मला सांगितलं असतं.

आणि हे काम लांब कुठे परदेशी होत नाही. औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेच्या कांबेपासून फायबरपर्यंत सगळं करते. मोगलांची दख्खनची राजधानी बुऱ्हाणपुराहून औरंगाबादला गेली तेव्हापासून आपलं त्या शहराशी थोडं अबोल्याचं नातं आहे. तारसुद्धा तिकडेच गेली म्हणायची.

महाराष्ट्राचा मान आणखी एका बाबतीत आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. काचेतून संदेश पाठवता येईल हे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्याबरोबर मांडलं. त्या वेळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विझायचा. काव म्हणाले, दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. किलोमीटरला १०० पैकी एक भाग जरी प्रकाश टिकला तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. आणि १९७९ मध्ये, म्हणजे नऊच वर्षांनी, भारतातली दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली फायबर व्यवस्था सुरू झाली ती पुण्यात. पुणेकर पाटी लावण्यात कधी मागे नसतात, पण या गोष्टीची पाटी मला पुण्यात कुठे दिसलेली नाही. काव यांना नोबेल मिळायला २००९ उजाडलं. त्याआधी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १९५४ मध्ये वाकलेल्या काचेच्या तंतूंतून चित्र नेऊन दाखवणारे नरिंदरसिंग कपानी मात्र नोबेलच्या यादीत नव्हते, याची रुखरुख पंजाबात अजून आहे. ती मला रास्त वाटते.

आता या अर्ध्या-अर्ध्या यंत्राला एकजीव ठेवायचं म्हणजे काय काय सांभाळावं लागतं ते बघू. पहिली गोष्ट घड्याळ. टॉवरची वारंवारता एक अब्जात पन्नास एवढीच चुकायची मुभा आहे, त्यापेक्षा जास्त हलली तर धावत्या गाडीतला फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर नीट जात नाही. इतकं अचूक घड्याळ वरच्या पेटीत ठेवत नाहीत. ते खाली असतं, आणि वर जाणाऱ्या बिटांच्या लयीतूनच वरची पेटी वेळ काढून घेते. म्हणजे केबलीतून आकडे जातात आणि त्या आकड्यांच्या चालीतून ताल जातो. केबल तुटली की पेटी मुकी होतेच, बेतालही होते.

दुसरी गोष्ट लांबी. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. चाळीस मीटरला किती लागेल? नगण्य, असं आपण म्हणू. यंत्र तसं म्हणत नाही. खालचं कपाट वर संकेत पाठवून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यातून केबलीची लांबी ताडतं. सीपीआरआयच्या नियमात एका बाजूच्या उशिराचा हिशेब सुमारे आठ नॅनोसेकंदांपर्यंत अचूक असावा लागतो. आठ नॅनोसेकंदांत प्रकाश काचेतून दीड-पावणेदोन मीटर जातो. वरच्या मुलाने उरलेली केबल तोडायचा कंटाळा करून चार मीटरचं वेटोळं खांबाला बांधून ठेवलं, तर खालच्या यंत्राला त्याचा पत्ता लागतो. तेवढा उशीर धरून ते आकडे थोडे आधी सोडतं. मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते. यंत्राला आपल्या अंगाची लांबी अशी मीटर-दोन मीटरच्या हिशेबात माहीत असते.

तिसरी गोष्ट पोच. फोरजीत फोनने एक तुकडा पाठवला की चार मिलिसेकंदांनी टॉवरने 'मिळाला' किंवा 'पुन्हा पाठव' असं सांगायचंच. त्या चारातले जवळजवळ तीन खालच्या यंत्राचे विचार करण्यात जातात. बाकीच्या कामातून केबलीच्या वाट्याला काही शे मायक्रोसेकंद उरतात. म्हणून वरची पेटी आणि खालचं कपाट यांच्यात फार तर वीसएक किलोमीटर अंतर चालतं.

वीस किलोमीटर! इथे चाळीस मीटरची गोष्ट वीस किलोमीटरची होते. यंत्र एकदा चिरलं आणि मधे काच घातली की दुसरा अर्धा टॉवरच्याच पायथ्याशी असायला हवा, अशी सक्ती उरत नाही. चायना मोबाइलने २०१० च्या सुमारास हाच विचार मोठ्या प्रमाणावर मांडला. पंचवीस-पन्नास टॉवरांचे विचार करणारे भाग उचलून एका इमारतीत आणून ठेवा आणि टॉवरवर फक्त पेट्या राहू द्या. आपल्याकडे असं केलं तर काय होईल ते नकाशावर बघा. विचार करणारं कपाट लोधीपुऱ्यात ठेवलं तर त्याची वरची पेटी उत्तरेला जास्तीत जास्त असीरगडापर्यंत जाईल. फायबर रस्त्याच्या वळणावळणाने जातं, त्यामुळे गड ही साधारण शेवटची हद्द. तिकडे महाराष्ट्राच्या सरहद्दीवरचं इच्छापूरही साधारण अशाच टोकाला.

फायदा कुठे? लोकांच्या ये-जा करण्यात. दिवसा गर्दी बाजारात आणि यंत्रमागांच्या वस्तीत, रात्री घरांत. दर्गा-ए-हकीमीला देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू येतात तेव्हा लोधीपुऱ्याच्या टॉवरवर ताण. नवरात्रात इच्छादेवीला माणूस लोटतो तेव्हा इच्छापूरच्या टॉवरवर. आज प्रत्येक टॉवरखाली त्याच्या सर्वांत वाईट दिवसापुरतं कपाट भरून ठेवावं लागतं आणि उरलेले दिवस ते रिकामं बसतं. सगळी कपाटं एका जागी असली की जिकडे गर्दी तिकडे ताकद वळवता येते. कागदावर उत्तम. पण प्रत्येक टॉवरपर्यंत स्वतंत्र फायबर लागतं, आणि ते त्या सोळापट उधळ्या आकड्यांचं. गावाबाहेरचे बरेचसे टॉवर अजून एकमेकांशी डिशने, मायक्रोवेव्हने बोलतात. ती गोल पांढरी ताटं दिसतात ना, तीच. डिशला एवढं ओझं पेलत नाही.

सरहद्दीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. दूरसंचाराच्या नकाशात बुऱ्हाणपूर मध्य प्रदेश-छत्तीसगढ सर्कलमध्ये आणि रावेर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. रोमिंगला पैसे पडायचे त्या दिवसांत भुसावळच्या गाडीत बसलेला माणूस वाघोडा स्टेशनाच्या आसपास फोन बंद करून ठेवायचा. शेतात उभ्या माणसाचा फोन पलीकडच्या टॉवरला चिकटायचा आणि घरी, आपल्याच केळीच्या बागेत उभं राहून, रोमिंगचं बिल यायचं. लहरीला ठाऊक नसतं इथे भाषावार प्रांतरचना झाली ते. फायबरला मात्र हद्द असते, कारण ते खणून टाकावं लागतं आणि खणायला परवानगी लागते.

आता जरा जवळून दाखवतो. टेबलावर आहे ही फायबरची जंपर केबल. टोकाला दोन निळ्या चिमट्यांचा जोड, एका तंतूतून प्रकाश जातो, दुसऱ्यातून येतो. हा जोड एलसी. तो शिरतो या धातूच्या बोटभर तुकड्यात, त्याला एसएफपी म्हणतात. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज इथे होते. एसएफपी एक खाली कपाटात, एक वर पेटीत. जोडाचं टोक पांढऱ्या सिरॅमिकचं, सव्वा मिलिमीटर जाडीचं, आणि त्याच्या मध्यावर तो ९ मायक्रॉनचा गाभा. डोळ्याला दिसत नाही. धुळीचा एक कण त्यावर बसला तर वाट अडते. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागाच्या गावात हवेत कापसाची तूस असतेच. म्हणून टोपी काढली की लगेच जोडायचं, त्याआधी पुसायचं, आणि शर्टाला पुसायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो.

याच बोटभर तुकड्याने एकदा आम्हा सगळ्यांना घुमवलं. एका कंपनीचा टॉवर, नाव घेत नाही, खानदेशातला. मे महिना. बीटा सेक्टर रोज दुपारी एकच्या सुमारास बंद पडायचा आणि सूर्य कलला की आपोआप सुरू. तक्रार गेली की माणूस पोचेपर्यंत संध्याकाळ, आणि संध्याकाळी सगळं ठीक. तो बिचारा केबल तपासायचा, जोड पुसायचा, प्रकाश मोजायचा, अहवाल लिहायचा, 'दोष आढळला नाही'. कुणी म्हणालं वटवाघळं, कुणी म्हणालं शेजारच्या कारखान्याचा विजेचा झटका. शेवटी एका रिगरने, म्हणजे टॉवरवर चढणाऱ्या मुलाने, हट्ट धरला की मी भर दुपारी चढणार. चढला. पेटीचं झाकण उघडलं, एसएफपी बाहेर ओढला, हात पोळला. तुकड्यावर बारीक अक्षरात तापमानाची मर्यादा छापलेली असते. टॉवरवर लावायच्या एसएफपीला उणे ४० ते ८५ अंश चालतात. हा होता कार्यालयात लावायचा, शून्य ते ७० अंशांचा. आकार तोच, रंग तोच, किंमत कमी. कुणीतरी कधीतरी हाताला लागला तो घातला होता. उन्हात तापलेल्या पेटीच्या आत सत्तरी ओलांडली की आतला लेसर दम टाकायचा. वरच्या आणि खालच्या अर्ध्याचा संबंध सुटायचा तो एवढ्या कारणाने. त्या मुलाचं नाव कुठल्याच अहवालात आलं नाही.

तुम्हाला वाटेल, काच आली म्हणजे विजेची भीती गेली. अर्धीच गेली. फायबरमधून वीज कोसळून खालच्या कपाटात येत नाही, हा मोठाच फायदा, विशेषतः सातपुड्यातल्या वळवाच्या दिवसांत. पण वरच्या पेटीला चालायला वीज लागते आणि ती काचेतून जात नाही. ४८ व्होल्टची तांब्याची केबल शेजारून वर गेलेलीच असते. झटका तिच्यावाटे येतो.

फाईव्हजीने या सगळ्या हिशेबाला धक्का दिला. भारतात ती १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिच्या मोठ्या अँटेनात ६४ छोट्या वाटा असतात आणि पट्टी २० च्या जागी १०० मेगाहर्ट्झची. जुन्या रीतीने प्रत्येक वाटेची लहर मोजून पाठवायची तर सेकंदाला अडीचशे गिगाबिटांच्या वर जातं. काच वाहील, पण एसएफपीची किंमत कोण देणार? तेव्हा एरिक्सन, वावे, एनईसी आणि नोकिया यांनी २०१७ मध्ये ईसीपीआरआय नावाची नवी रीत काढली. यंत्र चिरायची जागाच बदलली. विचार करण्याचा थोडा भाग वर नेला. वरची पेटी थोडा गृहपाठ करून मगच आकडे खाली पाठवते, आणि रात्री तीनला पाठवण्यासारखं काही नसेल तर फारसं काही पाठवत नाही. उधळपट्टी थांबली. पण मठ्ठ पेटी आता मठ्ठ राहिली नाही, ती जड झाली, अँटेना तिच्या अंगातच बसली, तापते जास्त, बिघडली तर उतरवायला दोरखंड आणि चार माणसं. केबलीची चाळीस मीटर लांबी कमी होत नाही, तशी कटकटही कमी होत नाही, ती वर-खाली सरकते फक्त.

आणखी एक कटकट पैशाची आहे. सीपीआरआय नावापुरती सगळ्यांची भाषा होती. तिच्यात प्रत्येक कंपनीला स्वतःच्या खुणांसाठी जागा ठेवलेली होती आणि प्रत्येकीने ती भरपूर वापरली. परिणाम असा की खालचा अर्धा एका कंपनीचा घेतला की वरचा अर्धा तिचाच घ्यावा लागे, पुढची दहा वर्षं. एकाच यंत्राचे दोन भाग असल्याची ही किंमत ग्राहक कंपन्या मोजत होत्या आणि शेवटी आपण. २०१८ मध्ये एटी अँड टी, चायना मोबाइल, डॉइश टेलिकॉम, एनटीटी डोकोमो आणि ऑरेंज यांनी मिळून ओ-रॅन अलायन्स काढली. चिरण्याची जागा आणि तिथली भाषा उघडी असावी, कुणाचीही पेटी कुणाच्याही कपाटाला जोडता यावी, हा आग्रह. प्रत्यक्षात दोन वेगळ्या कंपन्यांचे अर्धे एकत्र नांदवणं अजून अवघड जातं. बिघाड झाला की दोघीही दुसरीकडे बोट दाखवतात. तरी आग्रह योग्य आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे बीएसएनएलच्या फोरजीचं देशी यंत्र २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून सुरू झालं. मध्यवर्ती भाग सी-डॉटचा, टॉवरवरचा रेडिओ तेजस नेटवर्क्सचा, जुळवणी टीसीएसची. दोन्ही अर्धे आणि मधली बोली आपल्या हाताखाली असणं म्हणजे काय, हे ज्यांनी परदेशी कंपनीच्या इंजिनिअरची वाट बघत रात्री काढल्या आहेत त्यांना विचारा.

राहता राहिला प्रश्न टॉवरच्या पायथ्यापर्यंतच्या फायबरचा. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशन काढलं, त्यात तेव्हा सुमारे ३० टक्के टॉवर फायबरने जोडलेले होते ते ७० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. ते होईपर्यंत कपाटं एकत्र आणण्याची, लोधीपुऱ्यातून असीरगडाची पेटी चालवण्याची गोष्ट आपल्या भागात नकाशावरच राहणार. आणि असलेलं फायबर टिकवणं हेही कामच आहे. इंदूर-इच्छापूर रस्त्यासारख्या कुठल्याही वाहत्या रस्त्याचं काम निघालं की जेसीबीचा दात आधी केबलीला लागतो. मार्च २०२३ पासून सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आहे. खणण्याआधी त्यात जागा टाकली की तिथे कुणाच्या वाहिन्या आहेत ते कळतं आणि त्यांच्या मालकांनाही कळवलं जातं. इथे बसलेल्यांमध्ये ठेकेदार असतील, नगर निगमचे लोक असतील. ते अ‍ॅप फुकट आहे. घरी जाऊन फोनमध्ये घ्या.